नवी की जुनी? बालीगंजच्या पत्राला उत्तर

कोलकात्यातल्या बालीगंजहून एका भगिनीचे चार पानी पत्र आले आहे. गाडीविषयीची पत्रे या सदराकडे नेहमीच येतात, पण बहुतेकांत प्रश्न एवढाच असतो की कोणत्या कंपनीची घेऊ. या बाईंनी मात्र घरची सगळी परिस्थिती मोकळेपणाने लिहिली आहे, म्हणून आजचे सदर त्यांच्यासाठीच राखून ठेवले.

कुटुंब मूळचे सांगलीकडचे. यजमान बँकेत, बदलीच्या नोकरीत. कोलकात्यात येऊन दोन वर्षे झाली आणि अजून तीनेक वर्षे तेथेच जातील असा अंदाज आहे. एकडालियाजवळच्या एका गल्लीत जुन्या इमारतीत भाड्याचे घर, खाली अंगणात एक गाडी कशीबशी उभी राहील एवढी जागा. सासूबाईंचे गुडघे गेलेले, त्यांना महिन्यातून तीनचारदा डॉक्टरांकडे न्यावे लागते. मुलगी सातवीत आहे, तिचे संध्याकाळचे क्लास. हाजरा रोडवरच्या महाराष्ट्र निवासात कार्यक्रम असला की रात्री परतताना टॅक्सीसाठी ताटकळणे. वर्षातून एखादी दिघ्याची सहल. साठवलेले पैसे आहेत चार लाख. यजमानांना नवी लहान गाडी हवी आहे, उरलेले पैसे हप्त्यांनी. दीर म्हणतात, तेवढ्या पैशांत चारपाच वर्षे वापरलेली चांगली गाडी येते, कर्ज कशाला? आणि सासूबाईंचे म्हणणे, दुसऱ्याने वापरून टाकलेली वस्तू घरात नको. स्वतः बाईंना गाडी शिकायची आहे, पण त्यांचे मत कोणी विचारले नाही, असे त्यांनी शेवटच्या ओळीत हळूच लिहिले आहे.

आधी दिरांच्या एका वाक्याबद्दल बोलते, कारण ते घरोघर ऐकू येते. गाडीत घातलेले पैसे बुडत नाहीत, चार वर्षे वापरा आणि तेवढ्याच किमतीला विका, असे ते म्हणतात. हे वाक्य एके काळी खरे होते. बालीगंजपासून फार दूर नसलेल्या हुगळी जिल्ह्यातल्या उत्तरपाड्याला १९५८ पासून अ‍ॅम्बेसेडर तयार होत असे, आणि आपल्या मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट, म्हणजे नंतरची पद्मिनी. गाड्या थोड्या आणि घेणारे पुष्कळ. नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, त्यामुळे ज्याच्या दारात गाडी उभी आहे त्याला छापील किमतीपेक्षा जास्त पैसे देणारा सापडे. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली तेव्हाही पहिली काही वर्षे हेच चालले. पण तो बाजार केव्हाच संपला. मारुती ८०० जानेवारी २०१४ मध्ये बंद झाली, अ‍ॅम्बेसेडरचे उत्पादन त्याच वर्षी मे महिन्यात थांबले. आज शोरूममध्ये गेलात तर नवी गाडी लवकर मिळते, आणि जी वस्तू नवी सहज मिळते तिची जुनी प्रत स्वस्तच जाणार. मोटार ही गुंतवणूक नव्हे. तो खर्च आहे, फक्त एकदम दिसत नाही एवढेच.

हा न दिसणारा खर्च मोजायला विमा कंपन्यांचे कोष्टक सोपे पडते. विम्यासाठी गाडीची किंमत धरताना त्या नव्या गाडीच्या किमतीतून वयाप्रमाणे घट करतात. पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीन वर्षांपर्यंत ३०, चार वर्षांपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के. बाजारभाव अगदी याच पायऱ्यांनी उतरतो असे नाही. खप चांगला असलेली गाडी थोडी वर राहते, बंद पडलेल्या मॉडेलची किंमत कोसळते. पण घरी बसून आकडेमोड करायला एवढे पुरे.

आता दोन्ही बाजूंचा हिशेब मांडू. शोरूमची किंमत ६ लाख असलेली नवी गाडी रस्ता कर, विमा, नोंदणी वगैरे धरून ७ लाखांना पडते असे समजा. (वरचा एक लाख पहिल्याच दिवशी गेला. गाडी विकताना तो कोणी परत देत नाही.) चार लाख स्वतःचे, तीन लाखांचे कर्ज, पाच वर्षे, व्याज ९ टक्के धरले तर हप्ता महिन्याला ६,२२८ रुपये बसतो. तीन वर्षांनी बदली झाली आणि गाडी विकून कर्ज फेडले, तर तोवर व्याजापोटी सुमारे ६०,५०० रुपये गेलेले असतील. तीन वर्षे पुरी झालेली गाडी ४० टक्के घटीने ३ लाख ६० हजारांना जाईल. म्हणजे ७ लाखांतले ३ लाख ४० हजार गेले, व्याजाचे साठ हजार पाचशे, आणि तीन वर्षांच्या सर्व्हिसिंगचे २४ हजार. एकूण ४ लाख २४ हजार ५०० रुपये. महिन्याला पावणेबारा हजारांहून थोडे अधिक, पेट्रोल वेगळे.

दुसरीकडे, साडेचार वर्षे वापरलेली गाडी ३ लाख ४० हजारांना मिळाली असे धरा. हातात उरलेल्या ६० हजारांत नाव बदलण्याचा खर्च, विमा, गरज असेल तर टायर आणि बॅटरी, आणि एक पूर्ण सर्व्हिसिंग. कर्ज नाही. पुढच्या दोन वर्षांत दुरुस्तीचे म्हणून वर्षाला २० हजार. तीन वर्षांनी ती गाडी २ लाखांना गेली, तर तुमचे गेलेले पैसे होतात २ लाख ४० हजार, म्हणजे महिन्याला ६,६६७ रुपये. तीन वर्षांत फरक पडला १ लाख ८४ हजार ५०० रुपयांचा. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा विमा मी दोन्हीकडे सोडून दिला आहे, पण तो नव्या गाडीला जास्तच पडतो.

हे सगळे दर मी धरलेले आहेत. तुमच्या बँकेचे व्याज आणि तुमच्या गाडीची किंमत घालून ही बेरीज पुन्हा करा, पण करा मात्र नक्की. हप्ता सहा हजार दोनशे, तो तर झेपतो, एवढ्यावर बहुतेक घरांत निर्णय होतो. यजमानांच्या योजनेत साठवलेले चारही लाख पहिल्याच दिवशी संपतात, हे पत्रात कोठे आलेले नाही. सासूबाईंच्या गुडघ्याचे ऑपरेशन निघाले तर काय करणार?

आणि एक प्रश्न, जो गाडी विकणारा कधीच विचारणार नाही. तुमची गाडी महिन्याला फार तर ४०० किलोमीटर चालेल, असे पत्रावरून दिसते. नव्या गाडीचे पावणेबारा हजार त्यावर वाटले तर किलोमीटरला साडेएकोणतीस रुपये होतात. लिटरला पंधरा किलोमीटर मिळाले तर पेट्रोलचे आणखी सात. म्हणजे छत्तीस रुपये किलोमीटर! जुन्या गाडीचे याच पद्धतीने चोवीसच्या आसपास येतात. टॅक्सीच्या भाड्याशी हे ताडून पाहा. तुमच्याजवळ कालीघाटचे मेट्रो स्टेशन आहे, बालीगंजचे लोकलचे स्टेशन आहे, यजमान रोज त्यानेच जातात. निव्वळ पैशांचे बघायचे तर गाडी न घेणे हेच स्वस्त. पण गुडघे दुखणाऱ्या बाईला मेट्रोचे जिने चढायला सांगता येत नाही, आणि पावसाळी रात्री टॅक्सी मिळत नाही, हा तुमचा अनुभव. तेव्हा गाडी घ्यावी, पण ती सोयीसाठी घेत आहोत, बचतीसाठी नाही, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक असावे.

पावसाचा विषय निघालाच आहे, तर आता बालीगंजच्या खऱ्या अडचणीकडे येऊ.

२२ सप्टेंबर २०२५ ची तारीख आठवा. त्या दिवशी आपल्याकडे घटस्थापना होती. त्याच दिवसापासून लहान गाड्यांवरचा कर उतरला. लांबी चार मीटरपर्यंत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत असलेल्या गाडीवर उपकर धरून २९ टक्के जीएसटी होता, तो १८ टक्के झाला. आज शोरूममध्ये ६ लाखांना मिळणारी गाडी जुन्या दराने साडेसहा लाखांच्या पुढे गेली असती. आणि त्याच रात्री कोलकात्यावर आभाळ फाटले. २३ तारखेच्या सकाळपर्यंत शहरात चोवीस तासांत २५० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. दुर्गापूजा तोंडावर आलेली, मंडप पाण्यात, विजेच्या धक्क्याने माणसे दगावली. दक्षिण कोलकात्याला सर्वांत जास्त फटका बसला आणि बालीगंज त्यातच येते. गल्लीबोळांत उभ्या असलेल्या कितीतरी गाड्या त्या दिवशी दारांपर्यंत पाण्यात होत्या. मुंबईकरांना २६ जुलै २००५ नंतरचे दिवस आठवत असतील. गॅरेजांपुढे लागलेल्या रांगा, आणि पुढे काही महिन्यांनी धुऊनपुसून स्वस्तात विकायला निघालेल्या गाड्या.

या दोन घटनांचा जुन्या गाडीच्या सौद्याशी अगदी जवळचा संबंध आहे.

पहिली गोष्ट भावाची. विकणारा माणूस आपण गाडी कितीला घेतली होती तेथून मोजायला लागतो. त्याने ६ लाख ८० हजारांना घेतली, म्हणून निम्मे ३ लाख ४० हजार मागतो. तुम्ही मात्र तेच मॉडेल आज नवे कितीला मिळते ते शोरूममध्ये विचारून मगच सौद्याला बसा. कर उतरल्यामुळे तीच गाडी आज ६ लाख २० हजारांना मिळत असेल, तर निम्मे म्हणजे ३ लाख १० हजार. तीस हजारांची घासाघीस करायला हे कारण पुरेसे आहे, आणि ते विकणाऱ्याला नाकारताही येत नाही.

दुसरी गोष्ट पाण्याची. पाण्यात बुडालेली गाडी बाहेरून ओळखू येत नाही. पॉलिश केलेली असते, आत सुगंधी बाटली लावलेली असते. इंजिनही चालू असते. दुखणे नंतर उमटते. विजेच्या तारांचे जोड आतून गंजतात, आणि वर्षभराने एके दिवशी खिडकीची काच खाली येत नाही, दुसऱ्या दिवशी दिवे लागत नाहीत, तिसऱ्या दिवशी गाडी भर रासबिहारी अ‍ॅव्हेन्यूवर बंद पडते. मेकॅनिक एकेक भाग बदलत राहतो आणि मूळ रोग सापडत नाही. आजच्या गाड्यांत जागोजागी इलेक्ट्रॉनिक्स आहे, त्यामुळे अ‍ॅम्बेसेडरसारखी उन्हात वाळवून पुन्हा चालू करण्याची सोय राहिलेली नाही.

म्हणून कोलकात्यात जुनी गाडी बघायला जाल तेव्हा इंजिनाआधी सीटबेल्ट बघा. पट्टा शेवटपर्यंत ओढून घ्या. गाडी धुणारा माणूस सहसा तेथपर्यंत पोहोचत नाही, आणि गुंडाळलेल्या टोकाला गढूळ पाण्याची रेघ तशीच राहते. पायाखालचे कारपेट कोपऱ्यातून उचलून खाली हात घाला, दमट वास येतो का बघा. पुढची सीट मागे सरकवून तिच्या रुळांवर गंज आहे का पाहा. डिकीतले जादा चाक बाहेर काढा आणि त्या खळग्यात माती साठली आहे का ते बोटाने चाचपा. डॅशबोर्डखालचे स्क्रू, फ्यूजचा डबा, पुढच्या दिव्यांच्या काचेआड साठलेली वाफ, हे सगळे टॉर्च घेऊन बघायचे. आणि पाच वर्षांच्या गाडीत कारपेट व सीटकव्हर कोरे करकरीत असले तर खूश होऊ नका. ते का बदलावे लागले, ते विचारा.

कागदही बोलतात. चालू विम्याच्या पॉलिसीवर नो क्लेम बोनस किती टक्के लिहिला आहे ते बघा. पाच वर्षे एकही क्लेम न घेणाऱ्याला तो ५० टक्क्यांपर्यंत चढत जातो. साडेचार वर्षांच्या गाडीवर तो शून्य दिसला तर गेल्या वर्षी काहीतरी झालेले आहे. तो अपघात असेल, पाणी असेल, क्वचित नुसता विमा खंडित झाला असेल. विकणाऱ्याने नीट कागद दाखवून सांगितले तर पुढे बोला, नाही तर नमस्कार करून घरी या. (हा बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो. तो तुम्हाला मिळणार नाही, त्यामुळे विकणाऱ्याने त्याचे आमिष दाखवले तर समजून असा.)

बाकीची तपासणी नेहमीची आहे. गाडी थंड असताना, शक्यतो सकाळी, तुमच्या समोर चालू करायला सांगा. आधीच गरम करून ठेवलेले इंजिन आपली दुखणी लपवते. सायलेन्सरमधून निळसर धूर म्हणजे तेल जळते आहे. तेलाच्या टोपणाच्या आत दुधाळ साय दिसली तर तेलात पाणी आहे. टायरवर चार आकडे कोरलेले असतात, २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. गाडी फक्त वीस हजार किलोमीटर चालली म्हणतात आणि चारही टायर नवे आहेत, पेडलचे रबर मात्र गुळगुळीत झालेले, हे जुळत नाही. मीटरचा आकडा मागे फिरवता येतो, पण कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये प्रत्येक वेळचे किलोमीटर नोंदलेले असतात. मालकाला सोबत घेऊन तेथून नोंदी काढून घ्या. आणि हजार-दोन हजार रुपये देऊन आपल्या ओळखीचा मेकॅनिक बरोबर न्या. विकणाऱ्याने सुचवलेला नको.

कोणत्या सालची गाडी घ्यावी, याविषयी माझे मत स्पष्ट आहे. १ एप्रिल २०२० नंतर नोंदलेली घ्या, त्याआधीची नको. त्या तारखेपासून भारत स्टेज सहाच्या गाड्या आल्या. जुलै २०१९ पासून चालकाची एअरबॅग आणि मागे गाडी घेताना वाजणारा सेन्सर सक्तीचा झाला होता. शेजारच्या सीटची एअरबॅग सर्व गाड्यांना २०२१ अखेरीपर्यंत सक्तीची झाली. म्हणून आधीची गाडी असेल तर दोन्ही एअरबॅग आहेत ना, हे विचारून घ्या. सासूबाई पुढेच बसणार आहेत. दहाबारा वर्षांची गाडी दीड लाखात मिळते म्हणून मोहात पडू नका. नोंदणीची पंधरा वर्षे संपत आली की नूतनीकरण, फिटनेस यांचा खर्च लागतो. नुसती नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२ पासून ६०० ची ५,००० रुपये झाली आहे. शिवाय कोलकाता व हावड्यातून पंधरा वर्षांवरची वाहने काढून टाकण्याचा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने जुलै २०२२ मध्ये दिला होता. तेथे पिवळ्या अ‍ॅम्बेसेडर टॅक्सी कशा दिसेनाशा झाल्या ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलेच आहे.

डिझेल अजिबात नको. नव्या डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी असते, ती स्वच्छ राहायला लांब पल्ल्याची धाव लागते. गडियाहाट ते हाजरा अशा दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत ती तुंबते आणि दुरुस्ती महाग पडते. विजेची गाडी तुमच्या वापराला शोभली असती, पण भाड्याच्या घराच्या अंगणात चार्जिंगची तार कोण ओढू देणार? मालक तयार असेल तर वेगळे.

आता तुमच्या पत्रातला तो बदलीचा मुद्दा. पश्चिम बंगालची पाटी असलेली गाडी दुसऱ्या राज्यात नेऊन बारा महिन्यांहून अधिक ठेवली तर तेथे नव्याने नोंदणी करावी लागते. त्यासाठी बेलतळ्याच्या मोटार वाहन कार्यालयातून ना हरकत दाखला, म्हणजे फॉर्म २८, आणि नव्या राज्याचा कर. आधी भरलेल्या कराचा परतावा मागता येतो, पण त्यासाठी हेलपाटे घालायला कोलकात्यात कोणी नसेल. २०२१ पासून बदलीच्या नोकरीवाल्यांसाठी बीएच मालिकेची पाटी आली आहे, तिचा कर दोन-दोन वर्षांचा भरता येतो. नवी घ्यायचीच ठरली तर यजमानांच्या बँकेत ती बसते का आणि विक्रेता ती काढून देतो का, हे पैसे भरण्याआधी लेखी घ्या. जुनी गाडी असेल तर सरळ कोलकात्यातच विकून निघा. दोन हजार किलोमीटर सांगलीला नेण्याइतके तिच्यात काही उरलेले नसेल.

माझा सल्ला विचाराल तर, तुमच्या घराला जुनी गाडी योग्य आहे. कारण तीन वर्षे. नव्या गाडीची मोठी घट पहिल्या तीन वर्षांतच होते, आणि ती सोसून तुम्ही ती दुसऱ्याच्या हाती देणार. आठदहा वर्षे एकाच गावात राहणारे कुटुंब असते तर मी बेलाशक नवी घ्या म्हटले असते, कारण तेव्हा ती घट लांब पसरते आणि गाडीचा सगळा इतिहास आपल्या हातचा असतो. दुसरे कारण तुम्ही स्वतः. तुम्हाला शिकायचे आहे. बालीगंज फाडीच्या चौकात बस आणि रिक्षांच्या गर्दीतून शिकताना गाडीला दोनचार ओरखडे येणार म्हणजे येणारच. ते नव्या गाडीला आले की घरात चर्चा होते आणि किल्ली हळूहळू यजमानांच्याच खिशात राहायला लागते. असे झालेली घरे मी पाहिली आहेत. ओरखडे आधीच असलेली गाडी बायकांना लवकर शिकवते.

सासूबाईंना सांगा, भाड्याच्या घरातही आपल्याआधी कोणीतरी राहून गेलेले असतेच की! नारळ फोडा, हळदकुंकू लावा, गाडी आपली झाली.

एका गोष्टीत मात्र नवी गाडी सरस ठरते, आणि ती तुमच्या अंगणावर अवलंबून आहे. साध्या सर्वंकष विम्यात पुराचे नुकसान धरलेले असते, पण पाण्यात उभी असलेली गाडी कोणी चालू करायला गेले आणि इंजिनात पाणी शिरून ते मोडले, तर तो खर्च कंपन्या बहुधा देत नाहीत. त्यासाठी इंजिन संरक्षणाचे वेगळे कलम जादा पैसे भरून घ्यावे लागते, आणि ते बऱ्याच कंपन्या ठरावीक वयापर्यंतच्या गाड्यांनाच देतात. साडेचार वर्षांच्या गाडीला ते कदाचित एकदाच मिळेल. तेव्हा घेण्यापूर्वी दोन माणसांना विचारा. विमा एजंटला, की या वयाच्या गाडीला हे कलम देता का आणि किती वर्षे. आणि इमारतीच्या दरवानाला, की २३ सप्टेंबरला अंगणात पाणी कोठपर्यंत आले होते. तो भिंतीवरची रेघच दाखवील. पाणी घोट्याएवढे आले असेल तर चिंता नाही. गुडघ्याएवढे आले असेल तर साडेचारऐवजी तीन वर्षांची गाडी बघा, थोडी लहान चालेल. आणि मुसळधार पावसाचा इशारा आला की गाडी उंचावर नेऊन ठेवायची जागा आत्ताच हेरून ठेवा. चेन्नईत ऑक्टोबर २०२४ मध्ये लोकांनी आदल्या दिवशीच आपापल्या गाड्या उड्डाणपुलावर नेऊन लावल्या होत्या. त्यांना हसणारे हसले, पण गाड्या वाचल्या. पाणी चढलेच, तर ते उतरल्यावरही किल्ली फिरवायची नाही. गाडी ओढून गॅरेजमध्ये न्यायची.

सौदा ठरल्यावर कागदांची घाई करा. मालक थेट विकत असेल तर जीएसटीचा प्रश्न येत नाही. व्यापाऱ्याकडून घेत असाल तर एप्रिल २०२३ पासून त्याच्याकडे मोटार वाहन कार्यालयाचा अधिकारदाखला असायला हवा, तो पाहायला मागा. फॉर्म २९ आणि ३० वर विकणाऱ्याच्या सह्या तुमच्या समोर व्हाव्यात. त्याचे कर्ज होते का ते नोंदणीपत्रावर दिसते. असेल तर बँकेचा दाखला आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय शेवटचे पैसे देऊ नका. गाडीवर दंडाच्या पावत्या थकल्या आहेत का आणि रस्ता कर कोठवर भरला आहे, हे परिवहन खात्याच्या वेबसाइटवर गाडीचा नंबर घालून बघता येते. बंगालमध्ये पाच वर्षांच्या हिशेबाने कर भरलेल्या गाड्या पुष्कळ असतात. साडेचार वर्षांच्या गाडीचा कर सहा महिन्यांत संपत असेल, तर तेवढी रक्कम किमतीतून वजा करून घ्या.

नाव बदलण्याचा अर्ज तुमच्याकडून तीस दिवसांत आणि विम्याची खबर चौदा दिवसांत गेली पाहिजे. अर्ज मात्र यजमानांच्या नावाने न करता तुमच्या नावाने केलात तर मला कळवा.